सहावा दोर

१

हेवा वाटायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही. झुलालला एका गाठीचा हेवा वाटला, आणि तोही साध्या काथ्याच्या दोराच्या गाठीचा.

धुळ्याला आग्रा रोडवर लीलाधर शेठचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. कारखान्यातून नव्या कोऱ्या मोटारसायकली मोठ्या ट्रकने तिथे यायच्या आणि मग सहा-सहाच्या खेपेने टेम्पोतून अमळनेर, जळगाव, दोंडाईच्याच्या दुकानांत जायच्या. त्या गाड्या टेम्पोच्या हौद्यात चढवून बांधणं हे झुलालचं काम. एक्याण्णव साली त्याला या कामात चौदा वर्षं झाली होती, आणि ती चौदा वर्षं तो कोणालाही, कधीही, न विचारता सांगायचा.

काम वरवर सोपं. फळीवरून गाडी हौद्यात घ्यायची, गिअरमध्ये टाकायची, चाकाला लाकडी ठोकळा द्यायचा. मग हँडलच्या दोन्ही बाजूंनी दोर हौद्याच्या कड्यांत ओवून इतका ताणायचा की पुढचे शॉकअप निम्मे खाली बसले पाहिजेत. दबलेली गाडी खड्ड्यात उसळत नाही, मग दोरही ढिला पडत नाही. दोर जिथे रंगाला घासेल तिथे बारदानाची घडी खोचायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टँड वर करायचं. झुलालचे उस्ताद पुना आबा म्हणायचे, "स्टँडवर उभी ठेवून गाडी बांधी ना, तं दोरले वाटस स्टँडनी धरी, स्टँडले वाटस दोरनी धरी. पहिला वळनले दोन्ही हात वर करतस."

आबा बांधून झालं की गाडीच्या टाकीवर तळहाताने दोनदा थोपटायचे. "बस आते, गप ऱ्हाय," असं म्हणायचे. पोरांना झोपवताना म्हणतात तसं.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून गोदामात झुलालइतकं या कामातलं कळणारा कोणी नव्हता. म्हणजे दिवाळीपर्यंत नव्हता. दिवाळीनंतर अभिमन आला.

अभिमन सोनगीरच्या अलीकडच्या एका खेड्यातला, तिशीचा, कमी बोलणारा गडी. काम शिकून चार महिने होत नाहीत तोच दोंडाईच्याच्या दुकानदाराने शेठला निरोप धाडला, की त्या नव्या माणसाने बांधलेलीच खेप पाठवत जा, गाडीला नखभर ओरखडा नसतो. शेठने तो निरोप सगळ्यांदेखत वाचून दाखवला. झुलालने विडी पेटवली आणि ती उलट्या टोकाने तोंडात धरली.

त्याहून झोंबलं ते दुसरंच. टेम्पोचा ड्रायव्हर इसाकभाई आणि झुलाल बारा वर्षं एका ताटात जेवले होते. आता इसाकभाई डबा उघडायचा आणि आधी विचारायचा, "अभिमन कुठे गेला?"

२

इसाकभाईनेच ती गोष्ट काढली, कौतुकाने.

"झुलालभाऊ, गड्याची सहावी गाठ देखी का कधी? पाच गाठी आपल्यासारख्या. सहावी अशी बसते, की दोंडाईच्याला दोन माणसं लागतात सोडायला. क्या हाथ है!"

झुलाल म्हणाला, "नवीन माणूस जोर लावतोच." पण दुसऱ्या दिवशी खेप भरून झाल्यावर, अभिमन हातपाय धुवायला गेलेला पाहून, तो हौद्यात चढला. सकाळचे दहा वाजले होते. ऊन फाळक्यावरून आत आलेलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. पाच गाठी त्याने भराभर पाहिल्या. बऱ्या होत्या. मनातल्या मनात त्यांना नावं ठेवता येतील इतपत बऱ्या.

सहावीपाशी मात्र त्याचा हात थांबला.

दोराचा पीळ उलटा पडला होता. शेवट खालून वर जायच्या ऐवजी वरून खाली आत खोचलेला, दोनदा. ती डावखुऱ्या माणसाची गाठ होती. झुलालने ती दहा वर्षं रोज पाहिली होती. दर वेळी ती सोडताना तो स्वतः चुकायचा आणि आबा हसायचे.

अभिमन उजव्या हाताचा होता. जेवायचा उजव्या हाताने, तंबाखू मळायचा उजव्या हाताने, पाच गाठी बांधायचा उजव्या हाताने.

झुलालने स्वतःला समजावलं. गाडी कडेला असते, तिथे अंग वळत नाही, माणूस पलीकडून हात घालतो, गाठ उलटी पडते. इतकंच. रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने खाटेच्या पायाला दोर बांधून पाहिला. पुढून बांधला, मागून बांधला, खाटेखाली निजून बांधला. त्याची बायको सुंदरबाई भांडी घासता घासता थांबली.

"काय करी ऱ्हायनात हाई?"

"काही नही. तू तुनं काम कर."

उजव्या हाताने ती गाठ कुठूनच पडत नव्हती. झुलालला त्या रात्री झोप लागली नाही, पण भीतीने नाही, हे सांगायला हवं. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. आबांनी ती गाठ आपल्याला शिकवली नाही. दहा वर्षं पाय धरले, आणि शिकवली नाही. मग या उपटसुंभाला कोणी शिकवली?

३

त्याने सरळ विचारलं. दुपारी गोदामामागच्या निंबाखाली अभिमन एकटा बसला होता. डबा उघडा होता आणि भाकरीला हात लागलेला नव्हता.

"सहावी गाठ तुले कोनी शिकाडी रे?"

अभिमनने वर पाहिलं. बऱ्याच दिवसांपासून कोणीतरी विचारावं म्हणून थांबलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला.

"भाऊ, कोनले सांगू नका. ती मी बांधतच नही."

"मंग?"

"मी पाच बांधस. सहावीकडे वळस, तं ती बांधेल ऱ्हास. पहिलांदा वाटनं, इसाकभाईनी बांधी व्हई. पन इसाकभाई तं केबिनमा बसेल व्हता." त्याने आवाज खाली आणला. "दिखत काही नही. फक्त मांगे दोर ओढाना आवाज येस. आनि मंग टाकीवर हात थोपटाना. दोनदा. माले भ्याव वाटस, भाऊ."

गरम वारा सुटला होता. निंबाची सुकी पानं डब्यात पडत होती.

"कवयपाइन?"

"आबाना घर भिकुअक्कानी त्यासना दोर माले दिधा ना, तवयपाइन. त्याच दोरनी बांधेल ऱ्हास ती."

खरं तर इथे झुलालच्या अंगावर काटा यायला हवा होता. त्याने उठून जायला हवं होतं, किंवा अभिमनच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. झुलालच्या मनात मात्र वेगळंच आलं. आबा येतात. आणि येतात ते याच्यासाठी! ज्याने आबांना कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्या खेपेला हात लावतात. आणि झुलाल रोज दहा फुटांवर उभा असतो, त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

"मनले काही लाई लेवू नको," तो म्हणाला. "उनना झटका शे." आणि डब्यातली पान पडलेली भाकरी तशीच सोडून निघून आला.

४

बांधणाऱ्या लोकांत एक रीत होती. एकाचा दोर दुसऱ्याने वापरायचा नाही, आणि माणूस गेला की त्याचा दोर त्याच्या चेल्याकडे जायचा. चेल्याने घरी जाऊन तो मागून आणायचा असतो.

झुलाल तीन वर्षांत आबांच्या घरी गेला नव्हता. त्या दिवशी गेला.

आबांची बायको, भिकुबाई, दारात हरभरे निवडत बसली होती. तिने त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला, किंवा घेतल्यासारखं केलं.

"अक्का, आबाना दोर तुमी त्या पोरले दिधा?"

"तुनाच व्हता तो, झुलाल. तीन वरीस खुंटीले टांगी ठेवा. तू उनाच नही. तो रोज पानी भरी देस, मंग त्याले दिधा." ती खडे वेचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "लोके म्हनतस, म्हाताराना हात ढिला पडना. त्यासनीच बांधेल गाडी त्यासनाच आंगवर पडनी. तुले काय वाटस रे? तू तं तठे व्हतास."

झुलाल तिथे होता. सहावी गाडी आबांनी बांधलेलीच नव्हती.

ती झुलालने बांधली होती. त्या सकाळी आबांनी सगळ्यांसमोर त्याची एक गाठ उपटून काढली होती आणि हसले होते. तो फुगला. सहावी गाडी त्याने स्टँडवर उभी ठेवून, तशीच दोराने आवळून टाकली. आबांनी खालून विचारलं, "स्टँड वर करं का?" तो म्हणाला, "हां." मग आबा नेहमीप्रमाणे हौद्यात बसून निघाले. हौद्यातल्या माणसाने ड्रायव्हरला खूण करायची ती पत्र्यावर ठोकून, एक ठोका म्हणजे चल, दोन ठोके म्हणजे थांब. सोनगीरच्या फाट्यावर इसाकभाईला एकच ठोका ऐकू आला. त्याने टेम्पो दामटला. दुसरा ठोका मारायला आबा राहिले नाहीत.

"सांग ना," भिकुबाई म्हणाली.

"वय झायं व्हतं, अक्का," झुलाल म्हणाला.

तिने सुपातले हरभरे एकदा पाखडले आणि आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

५

गुरुवारी दोंडाईच्याची खेप होती. बुधवारी संध्याकाळी झुलालने अभिमनला वाटेत गाठून सांगितलं, "उद्या गाडी नही. घर ऱ्हाय." अभिमनच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्या हसण्याचाही झुलालला राग आला. ज्याला नको आहे त्यालाच का मिळतं?

सकाळी त्याने इसाकभाईला सांगितलं, अभिमनला ताप आहे. मग गोदामातल्या खुंटीवरून आबांचा दोर काढला. काळपट पडलेला, हातात मऊ लागणारा काथ्या, तंबाखू-चुन्याचा वास अजून न गेलेला.

पाच गाड्या त्याने मन लावून बांधल्या. चौदा वर्षांत बांधल्या नव्हत्या इतक्या चांगल्या. शॉकअप दाबले, बारदान खोचलं, प्रत्येक स्टँड हाताने चाचपून वर आहे याची खात्री केली. कोणीतरी पाहत असल्यासारखा तो काम करत होता, आणि कोणीतरी पाहावं अशीच त्याची इच्छा होती.

सहावी गाडी त्याने मागच्या रांगेत, हौद्याच्या डाव्या अंगाला उभी केली. बांधली नाही. बांधली तर आबांना करायला काय उरणार? पण गाडी नुसती उभी राहत नाही, म्हणून तिचं स्टँड खाली केलं. तेवढ्यापुरतंच. आबांचा दोर गुंडाळी करून तिच्या सीटवर ठेवला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

बाहेर आग्रा रोडवरून ट्रक जात होते. कोणीतरी हातपंप मारत होतं. मागे काही आवाज झाला नाही. त्याने वळून पाहिलं. गुंडाळी सीटवर होती तशीच होती.

"आबा," तो हळूच म्हणाला, "मी शे. झुलाल."

"काय झालं, भाऊ?" खालून इसाकभाई ओरडला. "अकरा वाजले. उन्हात मारणार का मला?"

"मी मागे बसतो. दोर जुना आहे, ताण धरतो का बघतो."

इसाकभाईने फाळक्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "शेठने मना केलंय. आबा गेल्यापासून मागे कोणी बसत नाही, तुला ठाऊक आहे."

"शेठ जळगावला गेलेत. चल तू."

"एक ठोका म्हणजे चल, दोन म्हणजे थांब," इसाकभाई फाळका लावता लावता म्हणाला. "आबांनी एकच ठोकला, झुलालभाऊ. मी काय करणार होतो? एक म्हणजे चल." ही गोष्ट तो तीन वर्षं सांगत होता, आणि झुलालने तीन वर्षं त्याला पुढचं काही सांगितलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला. चल," झुलाल म्हणाला. इसाकभाईने ताडपत्री ओढून बांधली.

६

ताडपत्रीतून ऊन गढूळ होऊन आत येत होतं. झुलाल हौद्याच्या उजव्या अंगाला, पत्र्याला पाठ टेकून उभा राहिला. समोर सहावी गाडी, स्टँडवर कलंडलेली. धुळ्याच्या बाहेर पडेपर्यंत त्याने तिच्यावर डोळा ठेवला. नगाव गेलं. काही नाही. बांधलेल्या पाच गाड्या जागच्या हलत नव्हत्या. सहावी प्रत्येक खड्ड्याला थोडी डुलायची आणि परत स्टँडवर बसायची. एकदा त्याला वाटलं, पुरे झालं, पुढे व्हावं आणि बांधून टाकावी. दोन मिनिटांचं काम.

पण मग उद्या अभिमन येईल, आणि त्याच्या सहाव्या गाडीला परत तो हात लागेल.

देवभान्याजवळ टेम्पो उसळला आणि झुलालने डोळे मिटले. डोळे उघडे असले की आबा लाजत असतील, असा त्याने विचार केला. आबा कौतुक करतानाही तोंड फिरवायचे.

मग आवाज आला. कडीतून दोर ओढल्याचा, लांब, सावकाश.

तंबाखू-चुन्याचा वास आला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि त्या आवाजाच्या मागे मागे मनाने जात राहिला. आता फेरा घेतला. आता उलटा पीळ दिला. आबा आले होते. अभिमन घरी निजला होता आणि आबा त्याच्या खेपेला आले होते, त्याच्या, झुलालच्या. चौदा वर्षांत त्याला इतकं सुख झालं नव्हतं.

आवाज फार जवळून येत होता. सहावी गाडी समोर होती, आणि आवाज त्याच्या कानामागून येत होता.

त्याच्या खांद्यापाशी काहीतरी हळूच खोचलं गेलं. खरखरीत, घडी घातलेलं. बारदान होतं ते. मग दुसऱ्या खांद्यापाशी. जिथे दोर घासेल तिथे.

त्याने डोळे उघडले तेव्हा दोर छातीवरून जाऊन दोन्हीकडच्या कड्यांत ओवून झाला होता आणि ताणला जात होता. एका दमात, जाणत्या हाताने. त्याचे गुडघे वाकले. तो निम्मा खाली बसला, आणि तिथेच ताण थांबला. दुखत नव्हतं. इतकं नीट बांधलं होतं की कुठेच दुखत नव्हतं. डाव्या खांद्याखाली एक हात दोराचा शेवट आत खोचत होता, एकदा, दोनदा. डावा हात. अंगठ्याच्या नखात चुना भरलेला. मनगटाच्या मागे काय होतं ते पाहायला झुलालची मान वळली नाही, किंवा त्याने वळवली नाही.

मग डोक्यावरून तळहात फिरला. दोनदा.

ताडपत्रीच्या फटीतून सोनगीरचा किल्ला दिसला. त्या फाट्यावर दोंडाईच्याचा रस्ता डावीकडे वळतो. टेम्पो डावीकडे वळला की हौद्यातलं सगळं उजवीकडे येतं, हे झुलालइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने समोर पाहिलं. सहावी गाडी स्टँडवर उभी होती, मोकळी. तिच्या सीटवर दोर नव्हता.

"आबा, मी बांधेल व्हती ती," तो बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला. "स्टँड मी वर कयं नव्हतं. मी सांगस बठ्ठासले. अक्काले सांगस. आबा, सोडा."

हौद्यात कोणी नव्हतं. इसाकभाईने गिअर खाली घेतला. इंजिन इतकं ओरडत होतं की झुलालचा आवाज त्याला स्वतःलाही नीट ऐकू येईना. दोन्ही हात दोराखाली होते. उजवा पाय तेवढा मोकळा होता. त्याने होता नव्हता तो जोर लावून टाच पत्र्यावर हाणली.

ठण्ण.

दुसऱ्यांदा पाय उचलायला गेला, तर घोट्याभोवती दोराचा फेरा पडलेला होता. घोट्यालाही बारदान लावलेलं होतं.

पुढे केबिनमध्ये इसाकभाईने तो एक ठोका ऐकला. त्याने खुशीत हॉर्न दिला आणि वळणावर टेम्पो दामटला.